‘नाही, सर’: अमेरिकी काँग्रेस, गुप्तचर अधिकारी आणि नागरिकांवरील सरसकट पाळत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतील फोन-नोंदींच्या सरसकट संकलनाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बहुधा हे गुपित फोडणारे कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन देशभक्त की देशद्रोही, या वादात अडकून पडते. पुढील प्रश्नोत्तरांचा विषय त्याहून मर्यादित आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. ज्या लोकप्रतिनिधींनी या यंत्रणेवर अंकुश ठेवायचा, त्यांना अधिकाऱ्यांनी काय सांगितले, काय दडवले, आणि सारे उघड झाल्यावर त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच येथे पाहायचे आहे.

नेमके काय घडले होते?

१२ मार्च २०१३ रोजी अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीची खुली सुनावणी होती. जगभरातून अमेरिकेला असलेल्या धोक्यांचा आढावा घेणारी ही सुनावणी दरवर्षी होते. गुप्तचर विभागांचे प्रमुख एका लांब टेबलामागे ओळीने बसतात, कॅमेरे चालू असतात आणि बहुतेक उत्तरे आधीच घोटून आणलेली असतात. त्या दिवशी ओरेगॉन राज्याचे डेमोक्रॅट सिनेटर रॉन वायडेन यांनी राष्ट्रीय गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना विचारले, की नॅशनल सिक्युरिटी एजन्सी, म्हणजे एनएसए, लक्षावधी किंवा कोट्यवधी अमेरिकनांविषयी कोणत्याही प्रकारची माहिती गोळा करते का? क्लॅपर यांनी मान खाली घालून, कपाळावरून बोटे फिरवत उत्तर दिले, “नाही, सर.” वायडेन यांनी पुन्हा विचारले, “करत नाही?” त्यावर क्लॅपर म्हणाले, की जाणूनबुजून नाही, अनवधानाने कधी गोळा होत असेल, पण जाणूनबुजून नाही.

हे उत्तर खरे नव्हते. त्या घडीला एनएसए अमेरिकेतील फोन कॉलच्या नोंदी रोजच्या रोज घेत होती, आणि तेही न्यायालयाकडून वेळोवेळी नूतनीकरण होणाऱ्या आदेशांच्या आधारे. अनवधानाने घडणाऱ्या गोष्टीसाठी कोणी न्यायालयाचा आदेश मागत नाही.

ते खोटे होते, हे कळले कसे?

सुनावणीनंतर तीन महिने पूर्ण होण्याआधीच, ५ जून २०१३ रोजी, ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाने एक गोपनीय आदेश छापला. परदेशी हेरगिरीविषयीच्या प्रकरणांसाठी १९७८ च्या फिसा कायद्याने स्थापन झालेल्या गुप्त न्यायालयाचे न्यायाधीश रॉजर विन्सन यांनी २५ एप्रिल २०१३ रोजी तो दिला होता. व्हेरायझन समूहातील व्यावसायिक सेवा पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या यंत्रणेतील सर्व कॉलच्या नोंदी १९ जुलैपर्यंत दररोज एनएसएकडे द्याव्यात, असा तो आदेश होता. अमेरिका आणि परदेश यांच्यातील कॉल त्यात होते, आणि संपूर्णपणे अमेरिकेच्या आत झालेले, अगदी स्थानिक कॉलही होते. असा आदेश आपल्याला मिळाला आहे, हे कंपनीने कोणाला सांगणेही त्यातच निषिद्ध ठरवले होते.

एखाद्या संशयिताचे नाव, एखादा क्रमांक, एखादा गुन्हा यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नव्हता. पुढे उघड झाले, की असे आदेश अनेक कंपन्यांना दिले जात होते आणि मे २००६ पासून हे गुप्त न्यायालय त्यांना मान्यता देत आले होते.

पण त्या नुसत्या नोंदी होत्या ना? संभाषण तर कोणी ऐकत नव्हते?

या कार्यक्रमापुरते ते खरे आहे. आपल्याकडे पोलीस तपासात ज्याला ‘सीडीआर काढणे’ म्हणतात, तीच ही माहिती: कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकावर, कधी, किती वेळ, कोणत्या हँडसेटवरून. फरक इतकाच, की आपल्याकडे सीडीआर एखाद्या गुन्ह्याच्या तपासात एखाद्या क्रमांकाचा काढला जातो. तेथे सगळ्यांचाच घेऊन पाच वर्षे साठवला जात होता आणि नंतर त्यात शोध घेतला जात होता.

अधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा, की साठवलेल्या ढिगात हात घालण्यासाठी त्या क्रमांकाविषयी वाजवी संशय असावा लागे आणि २०१२ मध्ये अशा ३०० पेक्षाही कमी क्रमांकांवरून शोध घेतला गेला. पण शोधाला तीन टप्प्यांची मुभा होती: संशयिताचे संपर्क, त्या संपर्कांचे संपर्क, आणि त्यांचेही संपर्क. प्रत्येकाचे शंभर संपर्क धरले तरी तिसऱ्या टप्प्यावर एका क्रमांकामागे दहा लाख क्रमांक येतात. शिवाय कोणी कर्करोगाच्या डॉक्टरला, नंतर वकिलाला आणि मग रात्री उशिरा पत्रकाराला फोन केला, हे कळल्यावर संभाषण ऐकण्याची फारशी गरज उरत नाही.

क्लॅपर यांनी काय स्पष्टीकरण दिले?

एक नव्हे, दोन स्पष्टीकरणे दिली, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिले स्पष्टीकरण जून २०१३ मध्ये एनबीसी वाहिनीवर आले. बायकोला मारणे कधी थांबवणार, अशा थाटाचा हा प्रश्न होता, म्हणजे हो किंवा नाही असे सरळ उत्तर देताच येऊ नये असा, असे सांगून ते म्हणाले, की आपण त्यातल्या त्यात सर्वांत खरे, किंवा सर्वांत कमी असत्य ठरेल असे उत्तर दिले. ‘गोळा करणे’ या क्रियापदाचा आपल्या मनातील अर्थ वेगळा होता, असेही त्यांनी सांगितले: ग्रंथालयातील कपाटात पुस्तके असणे म्हणजे संकलन नव्हे, त्यातले एखादे काढून उघडून वाचणे म्हणजे संकलन. हा अर्थ त्यांनी आयत्या वेळी रचलेला नव्हता. माहिती हाती येणे आणि ती वापरासाठी स्वीकारणे यांत भेद करणाऱ्या व्याख्या संरक्षण खात्याच्या नियमावलीत आधीपासून होत्या. मात्र खुल्या सुनावणीत देशासमोर बोलताना ही खासगी व्याख्या मनात ठेवून ‘नाही’ म्हणणे म्हणजे ऐकणाऱ्याला अंधारात ठेवणेच होय.

दुसरे स्पष्टीकरण २१ जून २०१३ च्या पत्रात आले. समितीच्या अध्यक्ष डायान फाइनस्टाइन यांना लिहिलेल्या या पत्रात आपले उत्तर ‘स्पष्टपणे चुकीचे’ होते, असे मान्य करून क्लॅपर यांनी माफी मागितली. आपल्या डोक्यात परदेशी व्यक्तींच्या संभाषणांचे संकलन, म्हणजे फिसा कायद्याचे कलम ७०२ होते. फोन-नोंदी ज्याखाली घेतल्या जात ते पॅट्रिअट ॲक्ट या २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्याचे कलम २१५ त्या क्षणी सुचलेच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी २०१४ मध्ये त्यांच्या कार्यालयाचे विधी सल्लागार रॉबर्ट लिट यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला पत्र लिहून हीच बाजू मांडली. वायडेन यांच्या कार्यालयाने आदल्या दिवशी प्रश्न पाठवला होता, पण तो क्लॅपर यांच्या नजरेखालून गेलेला नव्हता, असेही त्यांनी लिहिले.

आता ही दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. सर्वांत कमी असत्य उत्तर निवडण्यासाठी सत्य काय आहे हे त्या क्षणी ठाऊक असावे लागते. आणि ते सुचलेच नसेल, तर निवड करण्याचा प्रश्नच येत नाही. माणसाची स्मृती गोंधळते, हे मान्य केले तरी लिट यांच्या पत्रातील आणखी एक बाब उरते. चूक झाल्याचे क्लॅपर यांना नंतर सांगण्यात आले होते, आणि विषय गोपनीय असल्याने जाहीर दुरुस्ती करता येणार नाही, असे वायडेन यांच्या कार्यालयाला कळवण्यात आले होते. म्हणजे मार्चमधील ‘नाही’ हा अनवधानाचा प्रकार असेलही. जूनपर्यंतचे मौन अनवधानाचे नव्हते. ‘गार्डियन’ने आदेश छापला नसता, तर ते ‘नाही’ सिनेटच्या कामकाजात तसेच राहिले असते.

वायडेन यांना उत्तर आधीच ठाऊक होते. मग हा सापळाच नव्हे का?

हा आक्षेप अनेकांनी घेतला आहे आणि तो अगदीच निराधार नाही. उत्तर ठाऊक असलेल्या माणसाने, खरे उत्तर देणे ज्याला कायद्याने शक्य नाही अशा माणसाला, कॅमेऱ्यांसमोर विचारलेला हा प्रश्न होता.

तरीही त्यामागचा क्रम लक्षात घ्यायला हवा. वायडेन आणि कोलोरॅडोचे सिनेटर मार्क युडाल दोन वर्षे आडून आडून सांगत होते. २६ मे २०११ रोजी सिनेटमध्ये वायडेन म्हणाले होते, की सरकारने पॅट्रिअट ॲक्टचा गुपचूप काय अर्थ लावला आहे हे जनतेला कळेल, तेव्हा ती थक्क होईल आणि संतापेल. त्यानंतर जुलै २०१२ मध्ये एनएसएचे प्रमुख जनरल कीथ अलेक्झांडर यांनी लास वेगासमधील हॅकरांच्या डेफकॉन परिषदेत जाऊन, आमच्याकडे लक्षावधी वा कोट्यवधी लोकांच्या फायली आहेत ही गोष्ट साफ खोटी असल्याचे सांगितले. वायडेन यांचा प्रश्न या विधानाचा हवाला देऊनच सुरू झाला होता. एनएसएच्या प्रमुखाने जाहीर व्यासपीठावर जे सांगितले, त्याविषयी जाहीरपणे विचारणे यात गैर काय, असा प्रतिप्रश्न करता येतो.

आणि क्लॅपर यांच्यापुढे खोटे बोलण्याखेरीज वाटच नव्हती, असेही नाही. ‘या प्रश्नाचे उत्तर बंद दाराआड देईन’ हे वाक्य अशा सुनावण्यांत नेहमीच ऐकू येते. त्याने थोडाफार संशय निर्माण झाला असता, पण संशय आणि खोटी साक्ष यांत पुष्कळ अंतर आहे.

वायडेन यांनीच सभागृहात उभे राहून सत्य का सांगितले नाही?

अमेरिकी राज्यघटनेनुसार सभागृहातील भाषणाबद्दल सदस्यावर खटला भरता येत नाही. १९७१ मध्ये सिनेटर माइक ग्रॅव्हेल यांनी या संरक्षणाचा आधार घेऊन व्हिएतनाम युद्धाविषयीची गोपनीय कागदपत्रे, म्हणजे ‘पेंटॅगॉन पेपर्स’, एका उपसमितीच्या बैठकीत वाचून दाखवली होती. त्यामुळे वायडेन यांना तुरुंगाची भीती नव्हती. मात्र सिनेटचे स्वतःचे नियम गोपनीय माहिती परस्पर उघड करण्यास मनाई करतात. समितीतून काढले जाणे, सुरक्षा परवानगी गमावणे आणि त्यापुढची कारवाई हे धोके होते. समितीतून बाहेर पडलेल्या सिनेटरला पुढचे गुपित कळत नाही, हा व्यावहारिक हिशेबही असणार. वायडेन यांच्या संयमाचे कौतुक करणाऱ्यांत मी नाही. त्यांच्या हाती असलेले घटनात्मक शस्त्र त्यांनी वापरले नाही आणि जे काम सिनेटरने करायचे ते २९ वर्षांच्या कंत्राटी कर्मचाऱ्याने केले, हे नोंदवायलाच हवे.

समितीला सगळे माहीत होते, तर फसवले कोण गेले?

माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. क्लॅपर बोलत होते तेव्हा समोर बसलेल्या सदस्यांना या कार्यक्रमाची माहिती बंद दाराआड दिली गेलेली होती. उत्तर खोटे आहे हे त्यांच्यापैकी अनेकांना जागच्या जागी कळायला हवे होते, तरी वायडेन यांच्याखेरीज कोणी अवाक्षर काढले नाही. फसवली गेली ती ही सुनावणी पाहणारी जनता, आणि या समितीबाहेरचे शेकडो लोकप्रतिनिधी, ज्यांच्या मतांवर तो कायदा टिकून होता.

त्यांची दिशाभूल बहुधा धडधडीत खोट्याने झाली नाही. ती अर्ध्या सत्याने झाली. मार्च २०११ मध्ये न्याय खात्यातील वरिष्ठ अधिकारी टॉड हिनेन यांनी प्रतिनिधिगृहाच्या न्याय उपसमितीपुढे साक्ष दिली. कलम २१५ खाली वाहनचालक परवान्यांच्या, हॉटेलांच्या, भाड्याच्या गाड्यांच्या, क्रेडिट कार्डांच्या नोंदी मिळवल्या जातात आणि वर्षाला सरासरी ४० पेक्षा कमी आदेश घेतले जातात, असे त्यांनी सांगितले. यातील एकेक शब्द खरा मानला तरी ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते ते संपूर्ण खोटे आहे. चाळीसपैकी मूठभर आदेशांनी देशभरातील फोन-नोंदी येत असतील, तर चाळीस या आकड्याला काय अर्थ उरतो? पॅट्रिअट ॲक्टचे एक मुख्य शिल्पकार, रिपब्लिकन प्रतिनिधी जिम सेन्सेनब्रेनर यांनी २०१३ मध्ये याच साक्षीवर बोट ठेवले. आपण लिहिलेल्या कायद्याचा हा अर्थ आपल्यालाही ठाऊक नव्हता, अशी त्यांची तक्रार होती.

सरकारचे म्हणणे, की २००९ आणि २०११ मध्ये कार्यक्रमाचे वर्णन करणारी गोपनीय टिपणे सर्व सदस्यांना वाचता यावीत म्हणून काँग्रेसकडे पाठवली होती. ती पाठवली होती, हे खरे. पण २०११ चे टिपण प्रतिनिधिगृहाच्या गुप्तचर समितीने सर्व सदस्यांसाठी खुले केलेच नाही, हे ऑगस्ट २०१३ मध्ये उघड झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये प्रथमच निवडून आलेल्या सदस्यांनी मे २०११ मध्ये या कलमाला मुदतवाढ देण्यावर मतदान केले, ते त्या कलमाखाली काय चालते हे वाचण्याची संधीही न मिळता. येथे दोष केवळ अधिकाऱ्यांचा नाही. ज्यांनी पहारा द्यायचा त्या समितीनेच दार आतून लावून घेतले होते.

या कार्यक्रमामुळे ५४ दहशतवादी कट उधळले गेले, हे खरे का?

नाही. जून २०१३ मध्ये गदारोळ उठल्यानंतर जनरल अलेक्झांडर आणि इतर अधिकाऱ्यांनी ५४ हा आकडा पुढे केला आणि अनेक लोकप्रतिनिधींनी तो जसाच्या तसा उचलला. २ ऑक्टोबर २०१३ रोजी सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्ष पॅट्रिक लेही यांनी उलटतपासणी केल्यासारखे एकेक प्रश्न विचारले. त्या ५४ पैकी अमेरिकेशी संबंध असलेली प्रकरणे फक्त १३ होती, आणि फोन-नोंदींमुळेच उलगडलेले प्रकरण एक, फार तर दोन, हे अलेक्झांडर यांना मान्य करावे लागले.

ते एक प्रकरणही हल्ल्याच्या कटाचे नव्हते. सॅन डिएगोतील काही सोमाली स्थलांतरितांनी अल-शबाब या संघटनेला सुमारे ८,५०० डॉलर पाठवल्याचा तो खटला होता. २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या (न्यायिक विभागाच्या) अपील न्यायालयाने त्यातील दोषसिद्धी कायम ठेवली. पण फोन-नोंदींचे सरसकट संकलन फिसा कायद्याचा भंग करणारे होते असे म्हटले. शिवाय या प्रकरणातील संकलनाच्या महत्त्वाविषयी अधिकाऱ्यांनी काँग्रेसपुढे आणि जाहीरपणे केलेली विधाने गोपनीय कागदपत्रांशी विसंगत असल्याचाही शेरा मारला. नागरी स्वातंत्र्यांवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र मंडळाने जानेवारी २०१४ च्या अहवालातच लिहिले होते, की एखाद्या दहशतवादविरोधी तपासाच्या निष्पत्तीत या कार्यक्रमाने ठोस फरक पडल्याचे एकही उदाहरण त्यांना सापडले नाही.

न्यायालय तर या सगळ्यावर लक्ष ठेवून होते ना?

न्यायालयाला जे सांगितले जात होते, त्यावर. मार्च २००९ मध्ये गुप्त न्यायालयाचे न्यायाधीश रेजी वॉल्टन यांनी आपल्या आदेशात नोंदवले, की रोज येणाऱ्या नोंदी एनएसए एका ‘सतर्कता यादी’शी ताडून पाहते आणि त्या यादीतील १७,८३५ क्रमांकांपैकी वाजवी संशयाची अट फक्त १,९३५ क्रमांक पूर्ण करतात. न्यायालयाला मात्र सारे क्रमांक अट पूर्ण करतात असे वारंवार सांगितले गेले होते. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायाधीश जॉन बेट्स यांनी कलम ७०२ च्या प्रकरणात नोंदवले, की एखाद्या मोठ्या संकलन कार्यक्रमाच्या व्याप्तीविषयी सरकारने महत्त्वाची चुकीची माहिती दिल्याची तीन वर्षांच्या आतली ही तिसरी वेळ आहे. हे दोन्ही निर्णय २०१३ पर्यंत गोपनीय होते.

कोणावर खटला भरला गेला का?

क्लॅपर यांच्यावर नाही. अमेरिकेत काँग्रेसच्या समितीपुढे जाणूनबुजून खोटे विधान करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी शपथ घेतलेली असणेही आवश्यक नसते. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डिसेंबर २०१३ मध्ये सेन्सेनब्रेनर यांच्यासह प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीतील सात रिपब्लिकन सदस्यांनी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्याकडे चौकशीची लेखी मागणी केली. पुढे काहीच झाले नाही. क्लॅपर जानेवारी २०१७ मध्ये ओबामा प्रशासनाबरोबरच पदावरून निवृत्त झाले आणि १२ मार्च २०१८ रोजी गुन्हा दाखल करण्याची पाच वर्षांची मुदतही संपली.

यापूर्वीची उदाहरणे फार कडक आहेत असे नाही. सीआयएचे माजी संचालक रिचर्ड हेल्म्स यांनी चिलीतील कारवायांविषयी सिनेटला पूर्ण आणि खरी साक्ष दिली नव्हती. १९७७ मध्ये त्यांनी आरोप न लढवण्याची भूमिका घेतली, तेव्हा २,००० डॉलर दंड आणि दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली.

हा प्रकार एकाच व्यक्तीपुरता होता का?

नव्हता, आणि एकाच पक्षापुरताही नव्हता. जानेवारी २००५ मध्ये जॉर्ज बुश यांनी ॲटर्नी जनरलपदासाठी निवडलेले अल्बर्टो गोन्झालेस सिनेटच्या न्याय समितीपुढे होते. वॉरंटशिवाय नागरिकांवर पाळत ठेवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला आहे का, या सिनेटर रस फाइनगोल्ड यांच्या प्रश्नाला त्यांनी काल्पनिक परिस्थितीचा प्रश्न ठरवून बगल दिली. असा कार्यक्रम ऑक्टोबर २००१ पासून चालू होता आणि व्हाइट हाउसचे विधी सल्लागार या नात्याने तो त्यांना ठाऊक होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो डिसेंबर २००५ मध्ये उघड केला. या कार्यक्रमावरून सरकारमध्ये गंभीर मतभेद झाले नव्हते, ही त्यांची पुढची साक्षही वादग्रस्त ठरली. ती गोंधळात टाकणारी, चुकीची आणि परिणामतः दिशाभूल करणारी होती, असा निष्कर्ष २००९ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी काढला, मात्र दिशाभूल करण्याचा हेतू होता असे ते म्हणाले नाहीत.

२०१४ मध्ये तर पाळतीचा विषय खुद्द सिनेटच झाला. सीआयएने कैद्यांच्या केलेल्या छळाविषयीचा अहवाल तयार करणाऱ्या सिनेट कर्मचाऱ्यांच्या संगणक-जाळ्यात सीआयएने शिरकाव केल्याचा आरोप फाइनस्टाइन यांनी मार्चमध्ये केला. संचालक जॉन ब्रेनन यांनी तो जाहीरपणे उडवून लावला आणि जुलैमध्ये खात्याच्याच महानिरीक्षकांनी पाच कर्मचाऱ्यांवर ठपका ठेवल्यावर माफी मागितली. एनएसएच्या पाळतीचे अनेक वर्षे समर्थन करणाऱ्या फाइनस्टाइन यांचा संताप या वेळी अनावर झाला, हे पाहून अनेकांच्या चेहऱ्यावर हसू आले असल्यास नवल नाही.

मुळात फिसा कायदा आणि दोन्ही सभागृहांतील गुप्तचर समित्या जन्माला आल्या त्याच अशा लपवाछपवीतून. १९४५ पासून १९७५ पर्यंत तीन बड्या तारकंपन्या देशाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या तारांच्या प्रती सरकारला देत होत्या, हे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने उघड केले. एनएसएच्या त्या काळातील पाळत-यादीत स्वतः चर्च यांचेही नाव होते, ही माहिती २०१३ मध्ये गोपनीयता उठवलेल्या कागदपत्रांतून बाहेर आली.

क्लॅपर यांच्या खोट्यामुळेच स्नोडेन यांनी कागदपत्रे फोडली का?

ही साक्ष आपल्यासाठी निर्णायक ठरली, असे स्नोडेन यांनी म्हटले आहे. पण पत्रकारांशी त्यांचा पहिला संपर्क डिसेंबर २०१२ आणि जानेवारी २०१३ मधला, म्हणजे त्या सुनावणीच्या आधीचा आहे. फार तर निश्चय पक्का झाला, एवढेच म्हणता येईल.

कायदा बदलला का?

काही प्रमाणात. जुलै २०१३ मध्ये हा कार्यक्रम बंद करणारी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात २०५ विरुद्ध २१७ अशी थोडक्यात फेटाळली गेली. ७ मे २०१५ रोजी दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सरसकट संकलनाला कलम २१५ चा आधारच नाही, असा निर्णय दिला आणि २ जून २०१५ रोजी यूएसए फ्रीडम ॲक्टवर राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांची सही झाली. त्यानुसार नोंदी कंपन्यांकडेच राहू लागल्या आणि सरकारने ठरावीक क्रमांकांपुरते आदेश घ्यायचे ठरले. ही सुधारित व्यवस्थाही चुकांनी भरलेली निघाली. २०१८ मध्ये एनएसएने २०१५ पासूनच्या नोंदी पुसून टाकल्या आणि २०१९ मध्ये कार्यक्रम गुंडाळला. मार्च २०२० मध्ये मूळ कलमाची मुदतही संपली. ज्या साधनाविना देश असुरक्षित होईल असे काँग्रेसला वर्षानुवर्षे सांगितले गेले, ते इतक्या शांतपणे गेले, की बहुतेकांना पत्ताही लागला नाही.

याच्याशी आपला काय संबंध?

त्या आदेशात अमेरिका आणि परदेश यांच्यातील कॉल समाविष्ट होते. म्हणजे न्यू जर्सीतील एखाद्या मराठी कुटुंबाने अशा कंपनीच्या फोनवरून रविवारी सकाळी पुण्याला आईवडिलांना लावलेल्या फोनची नोंदही त्या ढिगात जात होती. परदेशी लोकांसाठी तर अमेरिकी कायद्यात एवढेही संरक्षण नव्हते. ‘गार्डियन’ने ८ जून २०१३ रोजी छापलेल्या एनएसएच्या एका तक्त्यानुसार मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून ६३० कोटी माहिती-नोंदी घेतल्या गेल्या आणि या यादीत भारत पाचवा होता. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी ही प्रत्यक्ष संदेशांची टेहळणी नसून केवळ संगणकीय विश्लेषण असल्याचे सांगत अमेरिकेची पाठराखणच केली.

आपल्या संसदेत क्लॅपर प्रकरण घडू शकत नाही, याचे कारण फारसे अभिमानास्पद नाही. इंटेलिजन्स ब्युरो आणि रॉ यांच्या प्रमुखांना खुल्या सुनावणीत बसवून प्रश्न विचारणारी संसदीय समितीच आपल्याकडे नाही. खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये या संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी खासगी विधेयक मांडले होते. ते पुढे गेले नाही. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीला केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगण्यात आले. तेथे निदान कोणाचे खोटे पकडता आले. आपल्याकडे प्रश्न विचारायची खुर्चीच मांडलेली नाही.

आता काँग्रेसला खरी माहिती मिळते का?

कलम ७०२ मात्र टिकून राहिले. एप्रिल २०२४ मध्ये त्याला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. अमेरिकनांची माहिती त्या साठ्यात शोधण्यापूर्वी वॉरंट घ्यावे, ही दुरुस्ती प्रतिनिधिगृहात २१२ विरुद्ध २१२ अशा समसमान मतांनी पडली. परदेशी व्यक्तींवर पाळत ठेवताना ओघाने किती अमेरिकनांची संभाषणे हाती लागतात, हा साधा आकडा वायडेन आणि युडाल यांनी २०१२ पूर्वीपासून मागितला होता. त्या वर्षी गुप्तचर विभागांच्या महानिरीक्षकांनी कळवले, की असा अंदाज काढण्याचे काम स्वतःच अमेरिकनांच्या खासगीपणाचा भंग करील. २०१७ मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालकपदासाठी मान्यता मिळवताना डॅन कोट्स यांनी हा आकडा देण्याचे आश्वासन दिले आणि जूनमधील एका सिनेट सुनावणीत, ते शक्य नसल्याचे सांगून, मागे घेतले.

त्याच सुनावणीत वायडेन यांनी विचारले, की पूर्णपणे देशांतर्गत असल्याचे ठाऊक असलेली संभाषणे कलम ७०२ खाली सरकार गोळा करू शकते का? माझ्या माहितीप्रमाणे नाही, ते बेकायदा ठरेल, असे कोट्स म्हणाले. काही दिवसांनी त्यांच्या कार्यालयाने खुलासा केला, की संचालकांनी उत्तर दिले ते वेगळ्याच प्रश्नाचे होते. वायडेन यांनी मूळ प्रश्न पुन्हा लेखी पाठवला, तेव्हा त्याचे उत्तर गोपनीय असल्याचे त्यांना कळवण्यात आले.